वसुली विभागातली भिंत

डिचोलीच्या जुन्या बाजारामागं, चिऱ्यांच्या बुटक्या इमारतीत
आमच्या पतसंस्थेचा वसुली विभाग आहे.
पूर्वी इथं कर्ज बुडवणाऱ्यांना कोंडत.
गज तेच, फक्त क्रीम रंगाचे,
आणि काब जिथं बंदूक टेकवून डुलक्या काढायचा म्हणतात
तिथं टोकनाचं यंत्र. बंद.

मी अकरा वर्षं इथं नोटिसा टाइप करतो.

श्रावणात कपाटामागचा गिलावा फुगला
आणि एक पापुद्रा थेट माझ्या चहात पडला.
खाली कावी.
देवळाच्या भिंतीवर असते तीच,
तांबड्या मातीचा लेप, खरवडला की आतला चुना पांढरा.
पण मोर नाही, वेल नाही, दशावतार तर नाहीच.
कोपऱ्यात सही: पुर्सो चारी, तेवीस रुपये सात तांग.
लोक नावापुढं गाव लिहितात
तसं त्यानं कर्ज लिहिलंय.

तुरुंगाची भिंत लिंपायला त्यालाच लावलं असणार, फुकटात.
मग तो तरी काय फुकट सोडतो!

पहिला सावकार. पोट आधी आलंय, तो मागाहून येतोय.
नाक म्हणजे तराजूची दांडी,
दोन्ही नाकपुड्यांना पारडी टांगलेली.
पुढच्या चौकटीत तोच सावकार पेजेचं मडकं घेऊन गजाशी उभा.
कैद्याचं जेवण धनकोनं पुरवायचं, असा कायदा असावा;
कारण पुर्सो आत लवंडलाय, पायावर पाय टाकून,
आणि बोट दाखवतोय: मीठ कमी.
त्यापुढं पुर्सो भोपळ्यासारखा गोल, सावकाराची काडी झालेली,
हात जोडून काबाला विनवतोय
(हे मी भिंगातून वाचलं)
ह्याला सोडा हो, मला परवडत नाही.
काबाच्या टोपीत पालीनं अंडी घातलीत
आणि तिच्याकडूनही तो भाडं मागतोय.

शेवटी गजाबाहेर एक बाई.
तिचं लुगडं आहे, हातातली पिशवी आहे,
चेहऱ्याच्या जागी लेप तसाच. खरवडलाच नाही.

मग माणसं मुद्दाम येऊ लागली.
खाणी थांबल्यापासून ज्यांचे ट्रक दारात गंजतायत ते,
ब्यूटी पार्लरचं कर्ज थकलेली सुशांती गावस,
नोटीस हातात, आणि डोळे भिंतीवर.
हप्ता कुणी भरला नाही, पण हसली सगळी.
सुशांतीच म्हणाली, मोठ्यानं,
"हें नाक आमच्या चेअरमनाचें मरे!"

चेअरमन शुक्रवारी आले.
बराच वेळ पाहत राहिले.
हात आपोआप नाकाकडे गेला, तो त्यांनी चष्म्यापाशी थांबवला.
ठराव झाला: भिंतीस चुना, खर्च किरकोळ दुरुस्तीत.

चुना लावायला इनास आला. त्याचेही पाच हप्ते थकलेले,
मजुरी कर्जात वळती करायची ठरली.
एकच हात मारला त्यानं, पातळ, ताकासारखा.
"दुसरो हात?" मी विचारलं.
"तो व्याजांत गेलो," म्हणाला, आणि ब्रश धुवायला लागला.

दसऱ्याला नाक परत वर आलं.
आधी डावं पारडं, मग उजवं.
मी कुणाला बोललो नाही.
कपाट मात्र भिंतीपासून हातभर पुढं ओढून ठेवलं,
मागं एक माणूस वाकून उभा राहील एवढं.

काल एक नोटीस टाइप केली, स्टाफ लोन, चार हप्ते.
नाव माझंच होतं, स्पेलिंगही बरोबर.
पोच द्यायची म्हणून सही केली,
पुढं गाव लिहायचं,
आणि हात आकड्यावर गेला.